धाकटा तो मिनिस्टर

रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, तीर्थयात्रा करतात, नाहीतर शेजाऱ्याशी बांधावरून भांडतात. टेमघरच्या हिरामण मास्तरांनी लॅटिन धरलं. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवूनही त्यांची हौस फिटली नव्हती. वसईच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याने एक जाडजूड लॅटिन कोश त्यांच्या पदरात टाकला आणि तेव्हापासून मास्तर एकेका शब्दाची पाळंमुळं खणत बसू लागले. कोणी चहाला टेकला की त्याला धरून ते पावाचं आणि चावीचं कूळ सांगत. त्यामुळे त्यांच्या ओट्यावर हल्ली फारसं कोणी टेकत नसे.

त्यांचा सगळ्यांत लाडका शब्द होता 'मॅजिस्टर'. लॅटिनमध्ये 'मॅजिस' म्हणजे जास्त. त्याला आपल्या 'उच्चतर'मधल्या 'तर'चा भाऊ शोभेल असा प्रत्यय लागला आणि मॅजिस्टर झाला, म्हणजे दोघांतला मोठा, ज्याला जास्त कळतं तो. हाच शब्द इटलीत माएस्त्रो झाला, फ्रान्सात मेत्र झाला, पोर्तुगालात मेस्त्र. पोर्तुगीज वसईला उतरले आणि त्यांच्या मेस्त्रचा आपल्याकडे मेस्त्री झाला. मागून इंग्रज आले, त्यांच्या मास्टरचा मास्तर झाला. म्हणजे मेस्त्री आणि मास्तर ही एकाच आईची लेकरं, फक्त वेगवेगळ्या गलबतांतून उतरलेली.

हे मास्तरांनी पहिल्यांदा सांगितलं ते लडकू मेस्त्रीला. लडकू त्यांचा सातवीपर्यंतचा बाकसोबती. बाप होड्या दुरुस्त करायचा, त्याच्या हाताखाली लडकूने शाळा सोडून रंधा धरला. होड्या गेल्यावर त्याने शेजारच्या नारपोलीत कापड विणायच्या लूमच्या कारखान्यांची कामं केली, आणि आता तो आणि त्याची बायको हौसा सभा-लग्नांची स्टेजं बांधत. लडकूने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे आपून भाव-भाव. मंग तू खुर्चीव बसलास नि मी उनात, ह्या कसा?" मास्तर हसले. 

तर त्या वर्षी गावामागच्या भरावावर कौशल्य केंद्राचं भूमिपूजन ठरलं. खाडीकाठचं खाजण बुजवून केलेलं ते मैदान. पूजा करायला एक राज्यमंत्री येणार होते. सगळा थाट गावपुढारी मनोजशेठचा. बॅनरवर त्याच्या नावामागे 'कार्यसम्राट' लिहिलेलं असे, आणि बॅनर तोच छापून घेई. सूत्रसंचालन अर्थातच हिरामण मास्तरांकडे. शिवाय मनोजशेठने त्यांना शब्द दिला होता की मंत्र्यांच्या भाषणाआधी दहा मिनिटं तुमची, मेस्त्री या शब्दावर काय बोलायचं ते बोला. दोन हजार लोकांसमोर दहा मिनिटं! ओट्यावर दोन माणसं टिकत नव्हती तिथे दोन हजार. मास्तर आठ दिवस आरशासमोर बोलत होते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठला लडकूने त्यांना स्टेजच्या मागे नेलं. आदल्या संध्याकाळी धूळ बसावी म्हणून मनोजशेठने टँकरने मैदानावर पाणी मारून घेतलं होतं. ड्रायव्हरला घरी जायची घाई. उरलेलं पाणी त्याने स्टेजच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात ओतून टँकर मोकळा केला होता. रात्रभर ते पाणी भरावात मुरलं. स्टेजच्या पाइपांखाली लडकूने फळ्या घातल्या होत्या, त्यांतल्या कोपऱ्यातल्या तीन फळ्या चिखलात चार बोटं रुतल्या होत्या.

लडकूने मनोजशेठला सांगून पाहिलं होतं. मंत्री यायला तीन तास उरलेत, आता रडगाणं नको, असं उत्तर मिळालं होतं. म्हणून तो मास्तरांकडे वळला.

"वर पन्नासच्या वर मानूस नको," तो म्हणाला. "माईक तुझ्या हातान हाय. ज्याचा सत्कार झाला त्याला लगेच खाली उतरव. येवरा कर, बाकी मी बगतंय."

मास्तरांनी शब्द दिला. मनापासून दिला, खोटं कशाला बोला.

पण आमच्याकडचा सत्कार ज्याने पाहिला नाही त्याला यातली गोम कळायची नाही. आमच्याकडे पाहुण्याचा सत्कार होतो, मग पाहुण्याच्या हस्ते गावकऱ्यांचा होतो, आणि नाव पुकारलं गेलं नाही तर माणूस पुढची तीन लग्नं तोंड फिरवून बसतो. बरं, शाल-नारळ घेऊन गडी खाली उतरेल तर शपथ. त्याला मंत्र्यासोबत फोटोत यायचं असतं. मनोजशेठने मास्तरांच्या हाती यादी दिली, तीत एकशे चाळीस नावं होती.

मंत्री साडेअकराला आले. मास्तरांनी पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं. विसाव्या नावाला त्यांनी हळूच म्हणून पाहिलं, की सत्कारमूर्तींनी कृपया खाली स्थानापन्न व्हावं. कोणी हललं नाही. उलट मनोजशेठने कानाशी येऊन दात दाखवत, म्हणजे लोकांना हसतोय असं वाटावं अशा बेताने, सांगितलं की माझ्या माणसांना हाकलायला तुम्हाला ठेवलेलं नाही, वेळ जातोय, तुमची दहा मिनिटं मला कापावी लागतील.

दहा मिनिटं म्हटल्यावर मास्तर गप्प झाले. चौतीस वर्षं पोरांना 'सत्य बोला' म्हणून फळ्यावर लिहिणारा माणूस, पण त्या क्षणी त्यांना आपलं भाषण तेवढं दिसलं. त्यांनी एकविसावं नाव पुकारलं. मग तिसावं, पन्नासावं, साठावं. प्रत्येक नावाला टाळ्या पडत, प्रत्येक नाव पायऱ्या चढून वर येई आणि वरच राही. मास्तर मनाशी म्हणत होते, लडकूला अतिकाळजीची सवयच आहे.

एकशे बारावं नाव घेताना त्यांना स्टेजच्या कडेला हौसा दिसली. ती खाली उभी राहून त्यांच्या धोतराचा सोगा ओढत होती. मास्तर यादी चाळायच्या मिषाने वाकले, माईकवर हात ठेवला.

"यो खाली हाय," हौसा म्हणाली.  "कोपरा बसतंय. त्यानी ट्रकचा जॅक लावलंय नि त्याच्या मांग सवता बसलंय. जॅक चिखलान सरकतंय, तो सोरला त समदा खाली येल. मानसा उतरव, मास्तर. तो त्याबिगर भायेर येत न्हाय."

 त्यांच्या पायाखाली प्लाय होतं, प्लायवर लाल गालिचा, त्यावर मंत्री आणि सव्वाशे माणसं, आणि त्या सगळ्याच्या खाली, हातभर चिखलात, लडकू. यातली एकशे बारा माणसं त्यांनी स्वतः, गोड आवाजात, एकेक करून वर चढवली होती.

सरळ ओरडावं का, की स्टेज पडतंय, पळा? ओरडलं तर सव्वाशे माणसं एकदम पळणार, एकमेकांना रेटणार. तो धक्का त्या जॅकने सोसला नसता. माणसं सावकाश उतरायला हवी होती, आपल्या मर्जीने, समोरच्या रुंद पायऱ्यांवरून. आणि ती उतरणार एकाच माणसामागे. जिकडे मंत्री तिकडे फोटो, जिकडे फोटो तिकडे गाव.

तेवढ्यात मनोजशेठने दुसऱ्या माईकवरून जाहीर केलं की उरलेली नावं नंतर, आता सर्व सत्कारमूर्तींचा मंत्रीमहोदयांसोबत ग्रुप फोटो होईल, सगळ्यांनी मागे बॅनरला लागून उभं राहावं.

मागे, म्हणजे ओल्या कोपऱ्याकडे. माणसं सरकायला लागली. मास्तरांच्या तळव्यांना काहीतरी कुरकुरल्यासारखं जाणवलं. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

"थांबा," मास्तर माईकमध्ये म्हणाले. शाळेच्या मैदानावरचा, चौतीस वर्षांचा आवाज तो. निम्मी सभा त्यांची विद्यार्थी होती. माणसं जागच्या जागी थांबली. "फोटोआधी माझी दहा मिनिटं आहेत. मनोजशेठनी दिलीत. मी दोनच घेतो. कोणी हलू नका."

मनोजशेठचा चेहरा पडला, पण लोकांसमोर नाही कसं म्हणणार.

आठ दिवस घोटलेलं भाषण मास्तरांना आठवेना.  त्यांनी मंत्र्यांकडे पाहिलं आणि थेट बोलायला सुरुवात केली.

ते म्हणाले की साहेब, तुम्हाला इंग्रजीत मिनिस्टर म्हणतात. हा शब्द लॅटिन. लॅटिनमध्ये 'मायनस' म्हणजे कमी, आणि त्यावरून मिनिस्टर, म्हणजे दोघांतला धाकटा. जो पानात वाढतो, हाताखाली राबतो, सेवा करतो, तो. जुन्या रोमात दारूचा पेला भरणाऱ्या नोकरालाही मिनिस्टरच म्हणायचे.

सभेत खसखस पिकली आणि लगेच विरली. मंत्र्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा पीए घड्याळ बघायचा थांबला. मनोजशेठने साउंडवाल्याकडे पाहून गळ्यावरून बोट फिरवलं, म्हणजे माईक बंद कर. साउंडवाल्याने बटणाकडे हात नेला.

"असू दे," मंत्री म्हणाले. ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते. "मास्तर बोलताहेत. ऐकू. मग दोघांतला मोठा कोण?"

"मॅजिस्टर," मास्तर म्हणाले.  त्यांनी घाईघाईने सांगितलं, की हीच ती जोडी, मोठा मॅजिस्टर आणि धाकटा मिनिस्टर. पोर्तुगीजांच्या तोंडी मॅजिस्टरचा मेस्त्र झाला आणि आपल्या वाड्यापाड्यांत त्याचा मेस्त्री झाला. धाकट्याच्या कामाला लॅटिनमध्ये म्हणत मिनिस्टेरियम, त्याचं फ्रेंचमध्ये झालं मेतिए आणि इटलीत मेस्तिएरे. दोन्हींचा अर्थ कसब, हातातला धंदा. ज्यासाठी आज आपण केंद्र बांधतोय, तेच. म्हणजे साहेब, कसब हा शब्द तिकडे तुमच्या घराण्यातला, आणि ते ज्याच्याकडे आहे तो मात्र तुमच्याहून मोठा.

पायाखाली पुन्हा कुरकुर झाली. या वेळी पुढच्या दोघा-तिघांनी खाली पाहिलं. मास्तरांनी त्यांना दुसरा श्वास घेऊ दिला नाही.

"आज इथे एकशे बारा जणांचा सत्कार झाला," ते म्हणाले. "ज्याने हे स्टेज बांधलं त्या लडकू मेस्त्रीचं नाव यादीत नाही. तो खाली आहे. त्याला वर बोलवायचं नसतं, साहेब. मोठ्याकडे धाकट्याने चालत जायचं असतं. तुम्ही चला. फोटो खालीच, मेस्त्रीसोबत. सगळ्यांनी साहेबांच्या मागून, सावकाश, एका रांगेत."

मंत्री हलले नाहीत.  सगळ्यांदेखत या माणसाला आपण नोकर म्हटलं, हे आत्ता कुठे मास्तरांच्या ध्यानात आलं. त्याने उठून गाडीत बसावं, अपमान झाला म्हणावं, केंद्रही रद्द करावं. काहीही होऊ शकत होतं. मास्तरांनी हात जोडले. बोलताना न दिसलेलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत मंत्र्यांना दिसलं असावं.

मंत्री म्हणजे कच्च्या गुरूचा चेला नव्हे. त्यांनी समोर पाहिलं. शे-दोनशे मोबाइल वर झालेले होते. मंत्री मेस्त्रीच्या पाया पडायला स्टेज उतरतो, असा फोटो फुकटात मिळत असेल तर सोडायचा कशाला? ते उठले, शाल हातावर घेतली आणि पायऱ्या उतरले. त्यांच्यामागे पीए, मागे मनोजशेठ, मागे गाव. मास्तर माईकवरून "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले, शाळा सुटताना म्हणायचे तसं. त्यांनी माणसं मोजली. शंभर. एकशे दहा. शेवटचा, फेटा सावरत, लडकूचाच चुलत मेव्हणा. मग मास्तर उतरले आणि धावतच मागे गेले.

हौसा वाकून आत बघत होती. "झाला, समदं उतरलं," ती म्हणाली, "ये आता." लडकू पाइपांमधून सरपटत निघाला, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला, उजव्या हाताची बोटं जॅकच्या दांड्यावर वळून ताठरलेली. तो उभा राहिला, दोन पावलं चालला, आणि मागे आवाज झाला. फार मोठा नाही. उजवा कोपरा खाली बसला, त्याने पाइपांची पुढची रांग ओढली, आणि सोफा, समई, शालींचा ढीग आणि कार्यसम्राटाचा बॅनर असं सगळं लडकू बसला होता त्या जागेवर जाऊन पडलं.

सत्कार राहिलाच. पोलिसांनी मंत्र्यांना गराडा घातला आणि पाच मिनिटांत गाड्या गेल्या. माणसं मात्र गेली नाहीत. सगळ्यांच्या माना लडकूकडे वळल्या. त्यांतून मनोजशेठ पुढे आला. भीतीने त्याचा आवाज चिरकत होता, पण शब्द बरोबर निवडलेले होते. मंत्री मेले असते, तो म्हणाला. असलं काम करतोस? तुझ्यावर केसच टाकतो. मागून कोणीतरी म्हणालं, पाइपच जुने असणार. दुसरा म्हणाला, हल्ली हे लोक पितात. मोबाइल आता लडकूकडे वळले होते.  लडकू आपली बोटं एकेक करून सरळ करत होता.

मास्तरांच्या हातात माईक अजून होता आणि अजून चालू होता. गप्प राहिले असते तर त्यांचं काहीच बिघडत नव्हतं. आणखी आठ दिवसांनी गावात हेच बोललं गेलं असतं की मास्तरांच्या भाषणाने माणसं वाचली.

"मेस्त्रीने सकाळी आठ वाजता सांगितलं होतं," मास्तर माईकमध्ये म्हणाले. "मनोजशेठना सांगितलं, मग मला सांगितलं. टँकरच्या पाण्याने माती ओली झालीय, पन्नासच्या वर माणूस नको. मी हो म्हणालो. आणि एकशे बारा नावं मी पुकारली. मला भाषण करायचं होतं म्हणून मी तोंड उघडलं नाही. जॅक लावून खाली बसला होता तो मेस्त्री. केस टाकायची तर त्यात माझं नाव लिहा."

 पहिल्या रांगेतला एक जण, मास्तरांचा जुना विद्यार्थी, त्यांच्याकडे बघत होता. त्याची बायको आणि पोरगी दोघी वर होत्या, नव्वद आणि एक्क्याण्णव नंबरला.  पोरीचा हात धरून तो वळला आणि निघून गेला. मास्तरांना ते वर्मी लागलं. एकेक करून बाकीचेही पांगले. मनोजशेठ फोन कानाला लावून गाडीत जाऊन बसला.

तासाभराने मैदानात तिघंच उरले. लडकू आणि हौसा मोडलेल्या स्टेजचे पाइप सोडवत होते. मास्तरांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला होता आणि ते नुसते उभे होते. घरी जायला पाय उचलत नव्हता, आणि इथे आपल्याला काही येत नव्हतं.

लडकू बराच वेळ त्यांच्याकडे पाठ करून काम करत राहिला. मग न वळताच म्हणाला, "लोकांम्होरं बोल्लास ता बरा केलास."

मास्तर एक पाऊल पुढे आले.

"पन येक सांग." आता तो वळला. चिखल वाळून त्याच्या तोंडाला भेगा पडल्या होत्या. "मी खाली हाय ह्या हौसान सांगलं, तवा तू थांबलास. मी खाली नसतो, नुसता कोपरा बसत असता, त थांबला असतास?"

हौसाचा हात पान्यावर थांबला.  नारपोलीकडून लूमची खडखड अखंड येत होती. हो म्हणणं सोपं होतं. लडकूने कदाचित मानलंही असतं.

"न्हाय," मास्तर म्हणाले. "न्हाय थांबलो असतो."

लडकूने मान हलवली. राग नाही, माफी नाही, फक्त उत्तर पोचल्याची खूण. मग त्याने आडव्या पडलेल्या लांब पाइपाचं एक टोक उचललं आणि दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं.

"तकरं धर. मी सांगतंय तवा उचल. आधी नको."

मास्तरांनी धोतर वर खोचलं, चिखलात उतरले आणि तो सांगेपर्यंत थांबले.